क्रॉनबॅक अल्फा ०.८९ आलाय, एम.एड.साठी केलेली माझी चाचणी प्रमाणित झाली म्हणू का? नमुना किती हवा?

नाही झाली. अल्फा विश्वसनीयता सांगतो, म्हणजे चाचणीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते; सप्रमाणता नाही, म्हणजे जे मोजायचंय तेच मोजतेय का ते नाही. तरी विचारताय म्हणजे तुमचे मार्गदर्शकही ‘आकडा चांगलाय, पुढं चला’ म्हणालेले दिसतात. मीही तेच ऐकलंय.

माझी सातवीसाठी तर्कक्षमतेची चाचणी होती, साठ प्रश्नांची. पायलटला, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीला, निम्मी मुलं सांगली-पलूसची, निम्मी जत तालुक्यातली. चौदावा प्रश्न, ‘नाव : वल्हे :: सायकल : ?’ गुणांत वरचे २७ टक्के, खालचे २७ टक्के घेऊन भेदनमूल्य काढलं, म्हणजे प्रश्न हुशार आणि कच्च्या मुलांत किती फरक करतो ते. आलं ०.४० च्या वर. पुस्तकाप्रमाणे उत्तम प्रश्न. गठ्ठे बांधताना जतच्या एका मुलीची पुस्तिका हाती आली. ‘नाव :’ च्या पुढं, ‘वल्हे’वर अक्षरं चढवून, तिनं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट. गठ्ठा परत सोडला, तर तशा आणखी अकरा निघाल्या. कृष्णाकाठच्या पोरांनी पुरात नावा बघितलेल्या. दुष्काळी पट्ट्यातल्या, घरी कन्नड बोलणाऱ्या पोरीला नाव म्हणजे होडी हे कुणी सांगायचं? प्रश्न हुशारीचा नव्हे, तालुक्यांचा भेद करत होता.

मी म्हणालो, हा प्रश्न काढतो. मार्गदर्शक सर म्हणाले, “एवढं भेदनमूल्य असलेला? अल्फा घसरेल.” प्रबंध तसाच गेला. पदवी मिळाली, पण ते अजून टोचतं.

अहो, त्याच धाटणीचे प्रश्न वाढवले की अल्फा वाढतोच. ज्या क्रॉनबॅकनं १९५१ मध्ये अल्फावर लिहिलं, त्यानंच १९५५ मध्ये मानसशास्त्रज्ञ मील यांच्यासोबत संरचना-सप्रमाणतेवर लिहिलं, म्हणजे तर्कक्षमतेसारखी न दिसणारी गोष्ट चाचणी खरंच मोजते का यावर. तो लेख कुणी उघडत नाही. धारवाडच्या कामतांनी बिने ही बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कन्नड दोन्ही मुलांसाठी बसवली होती, १९३० च्या दशकात. आणि आपण जतला एकटी मराठी घेऊन जातो!

नमुन्याचं म्हणाल तर एका प्रश्नामागे पाच ते दहा मुलं असा ढोबळ हिशोब धरतात. त्याआधी पाचसहा मुलांना शेजारी बसवून प्रश्न मोठ्यानं वाचायला लावा, काय समजलं ते विचारा. तुमची संपादन चाचणी, म्हणजे शिकवलेलं किती आलं हे बघणारी, असेल तर मात्र आधी संविधान तक्ता (कुठल्या घटकावर किती प्रश्न याचा आराखडा) आणि तज्ज्ञांची तपासणी, माझं सगळं तसंच्या तसं लागू होणार नाही.

आणि अल्फा घसरण्याची भीती कुणी घातली तर ऐकू नका. चौदावा प्रश्न वगळून मी नंतर घरी मोजला. फरक पडला तिसऱ्या दशांशस्थळी.