बारा दिवसांत पाच ‘लेव्हल टू’ : फी भरण्याआधी तास मोजा

प्रश्न : माझ्या मुलाने मेकॅनिकल डिप्लोमा केला आहे. आठ महिन्यांपासून तो भोसरीतल्या एका इन्स्पेक्शन कंपनीत ट्रेनी आहे. कंपनीच्या मासिक पत्रकात कोण ‘यूटी लेव्हल टू’ झाले, कोण ‘एपीआय ५७०’ झाले, अशी नावे येतात. याचे नाव अजून आले नाही म्हणून तो खट्टू असतो. आता नोकरी सोडून एका खासगी संस्थेत १२ दिवसांचा कोर्स करायचा म्हणतो. पाच पद्धतींत लेव्हल टू मिळते आणि आखातात नोकरी लागते, असे ते सांगतात. फीसाठी सोने गहाण ठेवावे लागेल. शिवाय कंपनी त्याला रेडिओग्राफीच्या टीममध्ये घेणार आहे, त्याचीही धास्ती वाटते. काय करावे? – एक आई, बार्शी

ताई, नमस्कार.

सोने गहाण ठेवू नका, आणि मुलाला एवढ्यात राजीनामाही देऊ देऊ नका. त्याला हवे असलेले प्रमाणपत्र ज्या वाटेने मिळते, त्या वाटेवर तो आत्ताच आहे. फक्त आपण कुठवर आलो याची नोंद त्याच्याकडे आहे का, हे पाहायला हवे.

मुलाचे काम म्हणजे वेल्ड, पाइप, टाक्या न फोडता त्यांतले दोष शोधणे. ‘यूटी’ ही त्यातली अल्ट्रासॉनिक पद्धत, आणि लेव्हल वन, टू, थ्री या प्रत्येक पद्धतीतल्या अधिकाराच्या चढत्या पायऱ्या. आपल्याकडच्या बऱ्याच इन्स्पेक्शन कंपन्या या क्षेत्रातल्या अमेरिकेच्या एएसएनटी या संस्थेच्या ‘एसएनटी-टीसी-१ए’ या शिफारशीप्रमाणे माणसे तयार करतात. या पद्धतीत प्रमाणपत्र देतो तो मालक, क्लास नव्हे. कंपनीने स्वतःची लेखी कार्यपद्धती ठेवायची. कोणत्या पद्धतीला किती तास प्रशिक्षण, किती तास अनुभव आणि कशी परीक्षा, हे त्यात असते. परीक्षेची जबाबदारी लेव्हल थ्रीवर असते आणि प्रमाणपत्रावर कंपनीच्या अधिकाऱ्याची सही लागते. बाहेरची संस्था शिकवू शकते, परीक्षाही घेऊ शकते. पण कामावर ठेवणाऱ्या कंपनीने ते आपल्या कार्यपद्धतीत बसवून सही केल्याशिवाय त्या कागदावर रिपोर्ट चालत नाही.

आता तासांचा हिशेब मुलाच्या समोर बसून करा. शिफारशीतल्या सर्वसाधारण तक्त्याप्रमाणे लेव्हल वन आणि टू मिळून अल्ट्रासॉनिकला (ध्वनिलहरींनी तपासणी) ४० + ४०, रेडिओग्राफीला (किरणोत्सर्गाने फिल्मवर चित्र घेणे) ४० + ४०, मॅग्नेटिक पार्टिकलला (चुंबक आणि लोहकणांनी तपासणी) १२ + ८, डाय पेनिट्रंटला (भेगेत रंग शिरवून तपासणी) ४ + ८ आणि व्हिज्युअलला (नजरेने तपासणी) ८ + १६ तास शिकवणी लागते. एकूण २१६ तास. रोज ८ तास वर्ग भरला तरी २७ दिवस होतात, आणि १२ दिवसांत जेमतेम ९६ तास बसतात. डिप्लोमा झालेला असेल तर कंपनी आपल्या कार्यपद्धतीत तास काही प्रमाणात कमी करू शकते, पण निम्म्याहून कमी करून कोणताही जबाबदार लेव्हल थ्री सही करणार नाही.

अनुभवाचा हिशेब याहून कडक आहे. अल्ट्रासॉनिकमध्ये लेव्हल वनसाठी २१० तास आणि त्यानंतर लेव्हल टूसाठी ६३० तास प्रत्यक्ष काम लागते. थेट लेव्हल टू करायचे तर दोन्हींची बेरीज, म्हणजे ८४० तास. साइटवर गेटपासची वाट पाहण्यात गेलेले तास यात धरत नाहीत. हे तास वर्गात मिळत नाहीत, नोकरीतच मिळतात. तुमच्या मुलाच्या आठ महिन्यांत त्यातले बरेच झालेही असतील. प्रश्न इतकाच, की ते लिहून ठेवले आहेत का?

इथेच ट्रेनी मुलांचे सर्वाधिक नुकसान होते. मुले राबतात, पण लॉगबुक भरत नाहीत. दोन वर्षांनी कंपनी बदलताना हातात फक्त अनुभवाचे मोघम पत्र असते. आजपासून त्याने रोज ठेवायची नोंद अशी : तारीख, साइट, जॉब (उदाहरणार्थ ‘६ इंची पाइपचे बट वेल्ड, ११ मिमी जाडी’), पद्धत, वापरलेले उपकरण आणि प्रोब (ध्वनिलहरी सोडणारा भाग), रिपोर्ट क्रमांक, प्रत्यक्ष तास आणि ज्याच्या हाताखाली काम केले त्या लेव्हल टूची सही. सही त्याच आठवड्यात घ्यायची. शटडाऊन (दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवण्याचा काळ) संपला की माणसे पांगतात, मग सही मिळत नाही.

आणखी एक नियम मुलाला ठाऊक नसावा. नोकरी सुटली की मालकाने दिलेले प्रमाणपत्रही संपते. नवी कंपनी पूर्वीच्या पुराव्यावर आणि परीक्षा घेऊन तीच लेव्हल पुन्हा देऊ शकते, पण जुनी नोकरी सुटल्यापासून सहा महिन्यांच्या आत. त्यापेक्षा मोठा खंड पडला तर पुन्हा प्रशिक्षण आले. म्हणून ‘आधी सोडतो, मग बघतो’ हे या क्षेत्रात फार महाग पडते. शेवटच्या दिवशी प्रशिक्षणाचे, परीक्षेच्या गुणांचे, अनुभवाच्या तासांचे आणि डोळ्यांच्या तपासणीचे कागद कंपनीकडून मागून घ्यायचेच.

पत्रकातल्या नावांबद्दल. कुणी ‘लेव्हल वन’ झाला म्हणजे लेखी सूचनेप्रमाणे ठरवून दिलेली चाचणी तो करू शकतो. ‘लेव्हल टू’ स्वतः उपकरण लावतो, दिसलेल्या इंडिकेशनचा (दोषाच्या खुणेचा) अर्थ लावतो, कोडप्रमाणे (ठरलेल्या नियमावलीप्रमाणे) स्वीकार की नकार ठरवतो आणि रिपोर्टवर सही करतो. म्हणून त्याच्या परीक्षेचे तीन भाग असतात : सर्वसाधारण, कंपनीच्या कामाशी निगडित विशिष्ट आणि प्रात्यक्षिक. प्रत्येकात किमान ७० आणि सरासरी किमान ८० टक्के लागतात. त्याआधी डोळे : जवळच्या नजरेची चाचणी दरवर्षी, रंगांतला फरक ओळखण्याची साधारण पाच वर्षांनी. चष्मा चालतो. डोळ्यांची मुदत टळल्यामुळे चांगल्या इन्स्पेक्टरचे रिपोर्ट ऑडिटमध्ये अडकतात, म्हणून ती तारीख त्याने मोबाइलमध्ये टाकून ठेवावी.

पाच पद्धती एकदम धरण्यापेक्षा डाय पेनिट्रंट आणि मॅग्नेटिक पार्टिकल या दोन आधी पक्क्या कराव्यात आणि मग पूर्ण जोर अल्ट्रासॉनिकवर द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या दोन सोप्या समजल्या जातात आणि म्हणूनच त्यात हयगय होते. पेनिट्रंटमध्ये ठरलेली चूक म्हणजे जादा लाल रंग काढताना रिमूव्हरचा फवारा थेट जॉबवर मारणे. त्याने भेगेत शिरलेला रंगही धुऊन निघतो आणि फुटलेला वेल्ड पास होतो. बरोबर रीत अशी की आधी कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायचे, मग रिमूव्हर कापडावर घेऊन पुसायचे. डेव्हलपर (भेगेतला रंग वर ओढणारी पांढरी पावडर) मारल्यावर किमान १० मिनिटे थांबायचे आणि १००० लक्स उजेडात बघायचे. मॅग्नेटिक पार्टिकलमध्ये एसी योकने (दोन पायांच्या विद्युतचुंबकाने) ४.५ किलोचे वजन उचलले पाहिजे, तेही दोन्ही पाय वापरायच्या कमाल अंतरावर ठेवून. पाय जवळ घेऊन वजन उचलून दाखवणे म्हणजे स्वतःलाच फसवणे आहे.

अल्ट्रासॉनिकमध्ये मात्र डोके लागते आणि डिप्लोमाचा खरा उपयोग तिथे होतो. एक उदाहरण देते, ते त्याला सोडवायला सांगा. २० मिमी जाडीच्या प्लेटला ३० अंशांचा बेव्हल (कडेला तिरका काप) करून व्ही वेल्ड केला आहे. ६० अंशांचा प्रोब लावला तर तळाशी आदळलेला ध्वनिकिरण पृष्ठभागावर मोजून साधारण ३५ मिमीवर असतो आणि परत वर येतो तो ६९ मिमीवर. बाजूच्या भिंतीला वेल्ड धरला नसेल, तर प्रोबच्या बाजूच्या त्या भिंतीवर किरण काटकोनात पडतो तो तळावरून उसळल्यानंतर. म्हणजे प्रोब मागे जवळपास ७० मिमीपर्यंत नेता आला पाहिजे, त्यात वेल्डच्या रुंदीची भर. पण वेल्डशेजारी उडालेले लोखंडाचे मणी घासलेले नसतात, प्रोब नीट बसत नाही, पोरगा ४० मिमीपर्यंतच फिरवतो आणि ‘नो रेकॉर्डेबल इंडिकेशन’ (नोंदवण्याजोगा दोष नाही) लिहून मोकळा होतो. दोष तिथेच राहतो. हे गणित ज्याला स्वतः मांडता येते आणि जॉब साफ करून द्या असे जो ठामपणे सांगू शकतो, त्याला लेव्हल टू म्हणायचे. व्ही-१ आणि व्ही-२ या प्रमाणित मापाच्या ब्लॉकवर रोज सकाळी कॅलिब्रेशन करायची संधी मागून घ्यावी. प्रोब झिजला की त्याचा कोन बदलतो, आणि तो ब्लॉकवरच कळतो.

आता तुमची धास्ती. ती अनाठायी नाही, पण तिला नीट उत्तर आहे. रेडिओग्राफीचे लेव्हल टू मिळाले म्हणून किरणोत्सर्गी स्रोत हाताळायचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी आपल्या देशात अणुऊर्जा नियामक परिषदेला, म्हणजे एईआरबीला, मान्य असलेले रेडिओग्राफरचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. वय १८ पूर्ण हवे. ते होईपर्यंत त्याने कॅमेऱ्याच्या (स्रोत ठेवलेल्या पेटीच्या) हँडलला हात लावू नये, रात्रपाळीत माणूस कमी आहे असे कुणी म्हटले तरीही. फिल्म लावणे, धुणे, वाचणे हे तो प्रमाणित माणसाच्या देखरेखीखाली शिकू शकतो.

टीममध्ये जाण्याआधी त्याने तीन गोष्टी विचाराव्यात. माझ्या नावाचा टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सर्ग नोंदवणारा) आहे का? साइटवर चालू स्थितीतला, मुदतीत कॅलिब्रेट केलेला सर्व्हे मीटर (तिथला किरणोत्सर्ग मोजणारा) आहे का? रेडिएशन सेफ्टी ऑफिसर कोण? भारतात अशा कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. शिस्तीत काम करणारी टीम त्याच्या बरीच खाली राहते. अपघात होतात ते बहुधा एकाच प्रकारे : स्रोत केबलपासून सुटतो किंवा त्याला बाहेर नेणाऱ्या नळीतच अडकतो, हँडल पूर्ण फिरवले म्हणून तो आत आला असे गृहीत धरले जाते आणि माणूस मीटर न घेता नळी काढायला जातो. म्हणून प्रत्येक एक्स्पोजरनंतर (फिल्मवर किरण पाडून झाल्यावर) मीटर हातात धरूनच कॅमेऱ्यापर्यंत आणि पुढे नळीच्या टोकापर्यंत जायचे, पन्नासाव्या एक्स्पोजरलाही. वरील तीनपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ आले, तर त्याने त्या टीमला लेखी नकार द्यावा. नोकरी दुसरी मिळते.

मर्यादित जागेत शिरण्याचे प्रशिक्षणही पत्रकात येत असेल. ते मुले कंटाळवाणे समजून टाळतात. टाकीत उतरण्याआधी प्राणवायू १९.५ ते २३.५ टक्क्यांमध्ये आहे, ज्वलनशील आणि विषारी वायू नाहीत, पाइपलाइनी ब्लाइंड (भरीव चकती) टाकून बंद केल्या आहेत आणि बाहेर पहारेकरी उभा आहे, हे परमिटवर स्वतः वाचायचे. व्हॉल्व्ह बंद आहे एवढे पुरत नाही, तो गळू शकतो.

आखाताचे म्हणाल, तर तिथले क्लायंट स्वतः मुलाखत घेतात, कधी नमुन्याचा वेल्ड तपासायला देतात. पाच प्रमाणपत्रे आणि शून्य लॉगबुक घेऊन आलेला मुलगा तिथे पहिल्या प्रश्नाला उघडा पडतो. जायचेच असेल तर दोन-अडीच वर्षांनी, आणि मालक बदलला तरी टिकणारे ‘आयएसओ ९७१२’चे तृतीयपक्षी प्रमाणपत्र एका तरी पद्धतीत घेऊन. भारतात चेन्नई मुख्यालय असलेली इंडियन सोसायटी फॉर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग त्या परीक्षा घेते आणि तिची शाखा पुण्यातही आहे. फी भरायचीच असेल तर ती तेव्हा आणि तिथे भरा.

‘एपीआय’ची प्रमाणपत्रे वापरात असलेली उपकरणे तपासणाऱ्यांची : ‘एपीआय ५७०’ हे पाइपिंगचे, ‘५१०’ प्रेशर व्हेसलचे आणि ‘६५३’ साठवण टाक्यांचे. त्यासाठी शिक्षण आणि त्या कामाचा अनुभव दोन्ही दाखवावे लागतात, आणि शिक्षण जास्त असेल तर अनुभवाची अट कमी होते. म्हणून नोकरी सांभाळून पदवी करता आली तर जरूर करावी. तोवर तयारी जाडी मोजण्याच्या कामातून होते, ज्याला ट्रेनी हलके काम समजतात. समजा एका व्हेसलची जाडी ५ वर्षांपूर्वी ९.६ मिमी होती, आज ८.६ आहे. झीज वर्षाला ०.२ मिमी. किमान ६.६ मिमी हवी असेल तर आयुष्य १० वर्षे उरले, आणि ‘५१०’प्रमाणे पुढची आतली तपासणी त्याच्या निम्म्या काळात, म्हणजे ५ वर्षांत. आता हेच माप गरम व्हेसलवर घेतले असेल तर दर ५५ अंशांमागे जाडी सुमारे १ टक्का जास्त दिसते, आणि रंगावरून घेतले तर त्याहून जास्त. ८.४ चे ८.६ झाले, तर आयुष्य १० वर्षे नसून साडेसात वर्षे असते आणि तपासणी पावणेचार वर्षांतच हवी. दर वेळी माप घेताना पृष्ठभागाचे तापमान आणि रंग काढला की नाही हे रिपोर्टात लिहायची सवय त्याने या महिन्यापासून लावून घ्यावी, आणि लॉगबुक घेऊन कंपनीच्या लेव्हल थ्रीला भेटून विचारावे : अल्ट्रासॉनिक लेव्हल वनसाठी माझे किती तास धरले जातील, आणि परीक्षा कोणत्या तारखेला?