विभागातल्या ४० जणांची प्रोफाइल पानं करायची आहेत. कोणतं प्लगइन घ्यावं आणि माहिती कोणी भरावी?

प्लगइन कोणतंही घ्या. एका माणसाची एक नोंद आणि त्या नोंदीचं एक पान एवढं ज्यात जमतं, ते चालेल. वर्डप्रेसमध्ये कस्टम पोस्ट टाइप केला तरी काम भागतं, ड्रुपल या तशाच दुसऱ्या प्रणालीत तर ही सोय मुळातच आहे. सगळे प्लगइनवरच अडून बसतात, आणि पुढे जी गोष्ट गळ्याशी येते ती पहिल्या दिवशी पाच मिनिटांत उरकून टाकतात. ती म्हणजे पानाचा पत्ता, ब्राउझरमध्ये वर दिसतो तो यूआरएल.

तुम्ही खाली तपशिलात लिहिलंय, "ऑफिसकडून ज्येष्ठता यादी आली आहे, त्यातला अनुक्रमांकच आयडी म्हणून घेतो." ते वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून हे लिहायला बसले. अनुक्रमांक घेऊ नका.

मी एका विभागात तांत्रिक सहायक होते. आमच्याकडे २८ जण होते. विभागप्रमुखांनी यादी दिली, सर्वांत ज्येष्ठ वर आणि सर्वांत नवीन खाली, आणि याच क्रमाने दिसलं पाहिजे म्हणाले. मी म्हटलं, "सर, आडनावाच्या अक्षरानुसार लावू या, म्हणजे कोणाची कुरकुर नको." सर म्हणाले, "अक्षरानुसार लावलंत की कुरकुर सुरू होईल. ज्येष्ठता यादी अधिकृत आहे. तुम्ही तांत्रिक बाजू बघा." बघितली. यादीतला पहिला रकाना आयडी धरला, आणि प्रत्येक पत्त्याच्या शेवटी तो आकडा येऊन बसला.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग चौथ्या क्रमांकाचे सर निवृत्त झाले. ऑफिसने सुधारित यादी पाठवली, मी ती नेहमीसारखी अपलोड केली, आणि त्यांच्याखालचे २४ जण एकेक पायरी वर सरकले.

पानं नाहीशी झाली असती तर परवडलं असतं. २०१३ साली इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उरली नव्हती, असं प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये मोजून दाखवलं. लोकांना ४०४ ची, म्हणजे "पान सापडलं नाही" या संदेशाची, सवय आहे, ते चरफडतात आणि दुसरीकडे शोधतात. आमची पानं मात्र खोटं बोलायला लागली. ईमेलच्या सहीतली लिंक, गूगल स्कॉलरवरची लिंक, व्याख्यानाच्या शेवटच्या स्लाइडवरची लिंक, सगळ्या झक्कपैकी उघडत होत्या, फक्त समोर माणूस भलताच.

नवव्या क्रमांकाचे सर ऑप्टिकल फायबरवर काम करायचे. त्यांच्या जुन्या पत्त्यावर आता दिसत होत्या दहाव्या क्रमांकाच्या मॅडम, ज्यांचा विषय अणुभौतिकी. एके दिवशी मॅडम एका मेलचा प्रिंट घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. "हा मुलगा मला फायबरबद्दल दोन पानं का लिहितोय? आणि मागच्या आठवड्यात एकीने का लिहिलं होतं?" दोघांनाही त्यांच्या शिक्षकांनी नुसती लिंक पाठवली होती, "इथे लिही" म्हणून. त्यांनी पानावरचा ईमेल उचलला आणि लिहिलं. मुलीचा मेल मॅडमनी सरसकट पाठवलेला समजून उडवला होता. तिची प्रवेशाची मुदत तोवर टळून गेली होती. इकडे फायबरवाले सर, यंदा कोणी विद्यार्थीच फिरकला नाही म्हणून हळहळत बसलेले.

मग बैठक झाली. इतिवृत्तात नोंद झाली: "संकेतस्थळावरील तांत्रिक चुकीमुळे." तांत्रिक चूक! क्रमाचा आग्रह कोणाचा, यादी कोणाची, पत्त्यात आकडा नको असं कोण म्हणालं होतं... जाऊ दे. त्या शब्दाला आता बरीच वर्षं झाली, तरी तो आठवला की जबडा आवळतो.

(इथे प्रामाणिकपणे सांगायचं तर पत्त्यात आकडा नको असं मी म्हणालेच नव्हते. मी अक्षरानुसार लावू या म्हणाले होते. दिसण्याचा क्रम आणि पानाची ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हा मलाही कळलं नव्हतं. क्रमासाठी एक जादा रकाना ठेवला असता तर सरांची ज्येष्ठता राहिली असती आणि पत्तेही हलले नसते. पण म्हणून सगळं खापर माझ्याच डोक्यावर?)

निस्तरायला पाच दिवस लागले. ९ हा आकडा दोन वर्षं एका माणसाचा होता आणि पाच आठवडे दुसरीचा, तेव्हा रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून आपोआप दुसऱ्या पानावर पाठवणं, कोणाकडे करायचं? मी जुन्या माणसाकडे केलं, कारण बाहेर पसरलेल्या लिंक बहुतेक त्याच्या होत्या. त्यात आणखी एक शहाणपण पदरी पडलं: आधी ३०२ लावून तपासा, मगच ३०१ करा. ३०२ म्हणजे तात्पुरतं स्थलांतर, ३०१ म्हणजे कायमचं. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो, आणि चुकीचं लावलंत तर तुम्ही दुरुस्त केल्यावरही काही लोकांना जुनंच दिसत राहतं.

पत्त्यात नाव घाला, आणि स्पेलिंग त्या माणसालाच विचारा. शोधनिबंधांवर तो जे छापतो तेच घ्या, आपल्या मनाने लावू नका. "डॉ." नको, हुद्दा तर नकोच नको, सहायकाचा सहयोगी झाला की पुन्हा तेच रडगाणं. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की पत्त्यात दर्जा, विषय, फाइलचं एक्स्टेन्शन असलं बदलणारं काही घालू नये. तो लेख मी प्रिंट काढून सरांना दिला होता. त्यांनी तो पेपरवेटखाली ठेवला आणि बहुधा अजून तिथेच असेल. (त्याच लेखात लेखकाचं नावही पत्त्यात नको असं आहे, पण ते कागदपत्रांबद्दल. इथे पान त्या माणसाचंच आहे.) एकाच नावाचे दोघे असतील तर मधलं नाव जोडा. पुढे कोणी नाव बदललं तर नवा पत्ता द्या आणि जुन्यावरून रीडायरेक्ट ठेवा.

निवृत्त माणसाचं पान काढू नका. वर "निवृत्त" लिहा, खोली आणि फोन काढा, बाकी तसंच राहू द्या.

माहिती कोणी भरावी, याचं उत्तर: कोणीच सगळी नाही. नाव, हुद्दा, खोली, ऑफिसचा फोन हे ऑफिसच्या नोंदीतून घ्या. पण ऑफिसच्या फाइलमध्ये जन्मतारीख आणि घरचा पत्ताही असतो. ते रकाने आयात करण्याआधीच उडवा, "नंतर लपवू" म्हणू नका. शोधनिबंधांची यादी हाताने टाइप करायला कोणी राजी नसतं, आणि झालं तरी ती वर्षभरात शिळी होते. ती ऑर्किडवरून (ORCID) ओढा. संशोधकांचे हे १६ अंकी ओळखक्रमांक २०१२ पासून आहेत, आणि माणसाने ज्या नोंदी सार्वजनिक ठेवल्यात त्या फुकटच्या एपीआयमधून, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागायच्या सोयीतून, मिळतात. क्रमांक मजकूर म्हणूनच साठवा. मधल्या रेघा काढून एक्सेलमध्ये टाकलात तर सुरुवातीची शून्यं गिळली जातात, आणि शेवटचं अक्षर कधी कधी एक्स असतं, तिथे आकड्याचा रकाना अडतो.

उरतं ते संशोधनाचा विषय आणि फोटो. मी पहिल्यांदा १९ रकान्यांचा फॉर्म पाठवला होता. २८ पैकी ६ जणांनी भरला, त्यातल्या दोघांनी अर्धा. दुसऱ्यांदा मीच जुन्या माहितीपत्रकातून ओढूनताणून मजकूर लिहिला, पान केलं आणि कळवलं, "हे शुक्रवारी प्रसिद्ध होतंय, चूक असेल तर सांगा." तीन आठवडे एक ओळ न देणाऱ्यांनी तासाभरात दुरुस्त्या पाठवल्या. एकांनी तर स्वल्पविरामसुद्धा सोडला नाही.

फोटो लहान करा आणि त्यातली जागेची माहिती पुसा. मोबाइलवर काढलेल्या फोटोत ती बरेचदा असते. पर्यायी मजकुरात (फोटो दिसत नसेल तेव्हा त्याच्या जागी वाचला जातो तो) नाव लिहा, "फोटो १" नको. फोटो नसेल तर जागाच ठेवू नका, ती करडी आकृती नको.

आणि ज्येष्ठता यादीवर तुमचे विभागप्रमुख अडून बसले तर क्रमावर वाद घालू नका. द्या त्यांना हवा तो क्रम, तो वेगळ्या रकान्यात राहू दे. फक्त पत्त्याचा निर्णय ईमेलवर लेखी घ्या, आणि जमलं तर बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम मागून घ्या.

हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: तुमच्या विद्यापीठात प्युअर किंवा व्हिवोसारखी केंद्रीय प्रणाली असेल तर वरचं निम्मं विसरा आणि पानं तिच्यातूनच घ्या, विभागाची वेगळी चूल मांडू नका. तिथल्या लोकांना मात्र विचारा की माणूस सोडून गेल्यावर त्याच्या पानाचं काय होतं. "आपोआप डिलीट होतं" म्हणाले तर ती सेटिंग आधी बदलून घ्या, मग ४० जणांची नावं द्या.