अंड्यातून आलं, पण उभंच राहिना

वाचकांचे प्रश्न. या वेळी तिन्ही पिल्लांचेच घेतलेत, कारण उन्हाळ्याआधी कोंबड्या बसवायची सगळ्यांची गडबड असते आणि पत्रंही तशीच येतात.

प्रश्न : काका, आमची गावरान कोंबडी खुडूक झाली म्हणून तिच्याखाली ११ अंडी बसवली होती. २१व्या दिवशी ८ पिल्लं निघाली. नवव्या अंड्याला रात्रीच चोचीने भोक पडलं होतं, आतून चिवचिव यायची, पण सकाळपर्यंत पिल्लू काही बाहेर येईना. मला राहवलं नाही, मी टरफल सोलून त्याला काढलं, थोडं रक्त पण आलं. आता ते ओलंच आहे, एका कुशीवर पडलंय, मान टाकतंय. कोंबडी बाकीच्यांना घेऊन अंगणात गेली. मुलाने कापसाने दूध पाजलं, सासूबाई म्हणतात लसणाचं पाणी घाल. काय करू?
– एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : ताई, अंक छापून येईस्तोवर पिल्लाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, म्हणून तुम्हाला त्याच दिवशी फोन केला होता. इथे बाकीच्यांसाठी लिहितोय.

आधी दूध बंद, लसूण पण बंद. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, मोठ्या कोंबड्यांना त्या काय द्यायचं ते देवोत, पण तासाभराच्या पिल्लाला काहीच पाजायचं नसतं. अंड्यातला पिवळा बलक निघायच्या आधी पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि तीच त्याची शिदोरी, त्यावर ते दोन दिवस, कधी तीन दिवस पण काढतं. हॅचरीवाले एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून एसटीने लांब लांब पाठवतात ती याच जोरावर. म्हणजे तुमचं पिल्लू भुकेने मान टाकत नाहीये, ते गारठलंय. ओल्या पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब धरून ठेवता येत नाही, आई पण जवळ नाही, आणि गार अंगाच्या पिल्लाला पाजलेलं पचत नाही, उलट घशाखाली न जाता फुफ्फुसात जातं आणि मग घरघर लागून जातं. पिल्लाच्या जिभेच्या मुळाशीच श्वासाचं भोक असतं, त्यामुळे चोच उघडून थेंब सोडला की अर्ध्या वेळा तो तिथेच जातो. दुधापेक्षा दूध पाजायच्या पद्धतीनेच जास्त पिल्लं मेलेली बघितलीत मी.

गारठलंय का हे कळायला थर्मामीटर नको. पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून बघा. गार लागले की समजायचं.

मग चपलेचा खोका घ्या, खाली गोणपाटाचा तुकडा किंवा जुना टॉवेल, आणि वरून पिवळा बल्ब. इथे लोक फसतात बरं का. हल्ली घरोघरी एलईडी आहेत, त्याचा उजेड लख्ख पण ऊब शून्य, माझ्याकडे एकजण रात्रभर एलईडीखाली पिल्लं ठेवून सकाळी रडत आला होता. जुना तारेचा ६० किंवा १०० चा बल्ब लागतो, इलेक्ट्रिकच्या दुकानात अजून मिळतो. पिल्लाच्या पाठीशी ३५ अंश असावं. बल्ब खोक्याच्या एका टोकाला टांगायचा, दुसरं टोक गार ठेवायचं, म्हणजे नको झालं तर पिल्लू सरकेल. तुमचं तर उभंच राहत नाही म्हणून अर्ध्या अर्ध्या तासाने बघायला लागेल, चोच उघडून धापा टाकत असेल तर बल्ब वर घ्या. बल्ब पक्क्या तारेने बांधा, सुतळीने नको, खोक्यात पडला तर पिल्लू राहू द्या, घर पेटेल. लाईट गेली तर बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची. आमची आई तर सरळ ओच्यात घेऊन भाकऱ्या थापायची, चुलीची धग आणि अंगाची ऊब दोन्ही.

अंग सुकून पिसं फुलली, पिल्लू डोकं वर करायला लागलं, की मग पाणी. कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा साखर, बोट बुडवून त्याचा थेंब चोचीच्या कडेला नुसता टेकवायचा, ते स्वतः चुटचुट करून ओढतं. ओढत नसेल तर थांबा, ऊब द्या, तासाने परत. साखरपाणी पहिल्या दिवसापुरतंच, नंतर साधं पाणी. खाणं दुसऱ्या दिवसापासून, मक्याचा अगदी बारीक भरडा किंवा चिक स्टार्टर म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, उकडलेल्या अंड्याचा बलक चिमूटभर चालेल पण उरलेला लगेच उचला, तो आंबतो.

आता टरफल सोलण्याचं. रागावत नाही, कारण पहिल्या वर्षी मी एका रात्रीत तीन अंडी सोलली होती आणि तिन्ही पिल्लं गेली, एकाचा तर बलक अजून पोटाबाहेरच होता, वाटाण्याएवढा, नाळेला लटकलेला. भोक पाडल्यावर पिल्लू थांबलेलं दिसतं, पण ते थकलेलं नसतं, आत काम चालू असतं. पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त त्याच्या अंगात परत जात असतं, बलक पोटात जात असतो. याला १२ ते २४ तास सहज लागतात. तुम्ही सोललं तेव्हा रक्त आलं म्हणजे त्याची वेळ झाली नव्हती. २४ तास उलटले, पापुद्रा सुकून चामड्यासारखा पिवळट झाला आणि पिल्लू त्यात चिकटलं, तरच मदत करायची, ती पण कोमट पाण्यात पिळलेल्या कापसाने पापुद्रा ओला करून, कणाकणाने, आणि रक्ताचा टिपूस दिसला की हात मागे.

एक गोष्ट नक्की बघा, नाळेची जागा. सुकलेली बारीक खपली असेल तर उत्तम. ओली, लालभडक, पोट फुगलेलं आणि वास येत असेल तर नाळेत जंतू गेलेत. अशी पिल्लं बहुतेक पहिल्या आठवड्यात जातात, हे आधीच सांगतो. नाळेला पातळ केलेलं बीटाडीन लावा, बाकीच्यांपासून लांब ठेवा, आणि घरातली माणसांची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकू नका, त्याचा डोस आपल्याला कळत नाही. गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, नाहीतर जनावरांच्या आजारांसाठीची हेल्पलाईन आहे, १९६२, त्या नंबरला फोन लावा. पुढच्या वेळी बसवताना विष्ठा लागलेली अंडी बाजूला काढायची, नाळेचा हा रोग बऱ्याचदा तिथूनच येतो.

पिल्लू चालायला लागलं की आईकडे द्यायचं, पण दिवसा नाही. दिवसा दिलं तर कोंबडी टोचून मारते, कधीकधी डोक्याची सालटं काढते. रात्री डालग्यात सगळी झोपली की हळूच तिच्या पंखाखाली सरकवायचं. दोन-तीन दिवसांच्या आत केलं तर सकाळी तिला हिशेब लागत नाही. आणि सकाळी उजाडायच्या आत उठून एकदा बघायचं.

ताईंचा तिसऱ्या दिवशी निरोप आला, पिल्लू चालतंय, पण मुलगा आता त्याला खाली ठेवत नाही. ठीक आहे, फक्त त्याचे मुके घेऊ देऊ नका आणि हात साबणाने धुवायला लावा, पिल्लांच्या विष्ठेतून माणसाला जुलाब लागतात.

प्रश्न : जत्रेतून मुलीने हट्ट करून दोन रंगीत पिल्लं आणली, एक गुलाबी एक हिरवं. हिरवं दुसऱ्या दिवशी मेलं. गुलाबी डोळे मिटून बसतं, सारखं ओरडतं, आणि मागे काहीतरी चिकटून कडक झालंय. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो.
– पुण्याहून एक बाबा

उत्तर : ही पिल्लं बहुतेक अंडी देणाऱ्या जातीतले नर असतात. हॅचरीला नर नको असतात, म्हणून स्वस्तात विकतात, कोणीतरी रंगात बुचकळून टोपलीत घालतं. बुचकळल्यावर ती भिजून गारठतात, मग दिवसभर उन्हात नाहीतर वाऱ्यात, पाणी नाही, म्हणून तुमच्या घरी आलेली तशी आधीच अर्धी गेलेली असतात. तुमच्या हातून काही चुकलं असं नाही, पण पुढच्या जत्रेत लेकीला फुगा घ्या.

सारखं मोठ्याने ओरडणं म्हणजे गार लागतंय किंवा एकटं वाटतंय, बहुतेक दोन्ही. बल्बचं वर सांगितलंय तेच करा. एकटं असेल तर खोक्यात छोटा आरसा उभा करा, हसू नका, खरंच गप्प बसतं.

मागे चिकटलंय ती विष्ठा आहे, सुकून गुद बंद झालंय आणि ते मोकळं केलं नाही तर पिल्लू त्यानेच मरेल. ओढायचं अजिबात नाही, कातडी निघते. कोमट पाण्यात कापूस भिजवून दोन-तीन मिनिटं धरून ठेवा, मऊ झालं की पुसून घ्या, कोरडं करा, खोबरेल तेलाचं बोट लावा. दिवसातून दोनदा तपासा. फक्त त्याच्या थोडं पुढे पोटावर नाळेची खपली असते ती घाण समजून उपटू नका, ही चूक शिकले-सवरलेले लोक पण करतात.

जगलं तर चार-पाच महिन्यांनी पहाटे आरवेल, तेव्हा सोसायटीची मीटिंग होईल. गावाकडे कोण आहे ते आत्ताच विचारून ठेवा.

प्रश्न : ५० पिल्लं आणली, त्यातल्या चौघांचे पाय दोन बाजूला फाकलेत, पोटावर घसरत चालतात. बाकी खातात-पितात चांगली. औषध सांगा.
– यवतमाळ जिल्ह्यातून

उत्तर : औषध नाही, बँडेड. भाऊ, तुम्ही फोटो पाठवलाय त्यात खाली गुळगुळीत वर्तमानपत्र दिसतंय, पाय त्यावरच सटकलेत. बँडेड उभं चिरून अरुंद पट्टी करा, दोन्ही पायांना घोट्याच्या वर असं गुंडाळा की मध्ये इंचभर अंतर राहील, चिकटणारा भाग चिकटणाऱ्या भागावर. पहिल्यांदा पिल्लू पडेल, धडपडेल, तासाभरात सवय होते. पहिले एक-दोन दिवस पाण्याजवळ लक्ष ठेवा, भांड्यात गारगोट्या टाका म्हणजे बुडणार नाही. दोन ते चार दिवसांत पाय जागेवर येतात, आठवडा उलटल्यावर मात्र हाडं पक्की होत जातात मग अवघड, म्हणून पत्राची वाट न बघता लगेच करायला हवं होतं.

पाय सरळ आहेत पण बोटं मुठीसारखी आत वळलीत असं एखादं असेल तर ते वेगळं, त्यात बी-२ जीवनसत्त्व कमी पडलेलं असू शकतं, व्हिटॅमिनचं द्रावण पाण्यातून द्या. आणि ५० पिल्लांना माणशी, म्हणजे पिल्लामागे २ वॅट धरतात, तुमचा एकच ६० चा बल्ब दिसतोय, तो पुरणार नाही, १०० चा सोडा. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेत रोगावरची लासोटा लस डोळ्यात थेंबाने होते, पण ही चौघं तेव्हा सुस्त असतील तर त्यांना मागे ठेवा. तोपर्यंत कागद काढा आणि भाताचं तूस नाहीतर गोणपाट टाका, आजच.