पहिला गेमिंग पीसी जोडताना
आधी मॉनिटर कोणता ते ठरव. १०८०पी (फुल एचडी) असेल तर बजेटचा सर्वात मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला दे. ८ जीबीपेक्षा कमी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) नको. प्रोसेसर सहा कोरचा पुरतो, एएमडीच्या रायझन ५ ५६०० सारखा. त्यात अंगचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्ड येईपर्यंत स्क्रीन काळीच. रॅमची १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घे. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारा पर्याय, चालू कर, नाहीतर ३२०० वेगाची रॅम २१३३ किंवा २६६६ वर रांगत राहते. (मी सहा महिने तशीच वापरली!) पॉवर सप्लायवर मात्र काटकसर नको. कॅबिनेटसोबत फुकट आलेला माझा सप्लाय जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. एसएसडी (वेगवान स्टोरेज) हवीच. रंगीत दिवे नंतर कधीही लावता येतात.