दर लाख लोकसंख्येमागे रस्ते अपघातांच्या नकाशात गोवा गडद लाल आहे, म्हणजे गोव्याचे रस्ते देशात सगळ्यात धोकादायक का?

नाही, त्या एका नकाशावरून तसं म्हणता येत नाही. सरळ गणित बघा, वरच्या आकड्यात गोव्यात झालेला प्रत्येक अपघात येतो, म्हणजे कळंगुटला काळ्या पाटीची भाड्याची स्कूटर घेऊन पडलेला बाहेरचा पर्यटकसुद्धा, पण खाली भागायला फक्त इथे राहणारे लोक, २०११ च्या जनगणनेत जेमतेम साडेचौदा लाख. मग रंग गडद होणारच! त्यात परत किरकोळ धडक पोलिसांत नोंदवली जाते की जागच्या जागी मिटवतात हे राज्यागणिक बदलतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा वार्षिक अहवाल काढून बघा, २०२२ मध्ये देशभरात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू, म्हणजे शंभर अपघातांमागे ३६ च्या वर माणसं गेली, गोव्यात हाच आकडा दहाच्या आसपास आहे. या शंभर अपघातांमागच्या मृत्यूंचा नकाशा रंगवला तर गोवा एकदम फिका दिसेल आणि आत्ता त्या गडद लाल नकाशाखाली कमेंटमध्ये भांडणारे लोक बाजू बदलून भांडतील. फक्त एक, म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं पण नाही, लाखामागे मृत्यू काढले तरी गोवा देशाच्या सरासरीच्या वरच जातो, त्यामुळे “हा गोव्याला बदनाम करायचा डाव” म्हणणारे पण अर्धंच बघतायत. नकाशा आला की आधी खालची बारीक अक्षरं वाचा, कशाला कशाने भागलंय आणि वर्ष कुठलं ते.