लेस्टरला येतेस? मुलीचं विचारलंस म्हणून लिहिते

ताई म्हणून लिहिलंस, तेव्हा सरळ अगं-तुगंच करते. तुझा प्रश्न थोडक्यात असा: तुला इंग्लंडमध्ये, लेस्टरला नर्सची नोकरी मिळाली आहे, नवरा आणि आठ वर्षांची लेक दोन महिन्यांनी मागून येणार, कागदपत्रांचं काय काय लागेल, आणि शेवटी एक ओळ, "मुलगी तिथे रुळेल ना हो? तिचं बालपण कसं जाईल?" व्हिसा, फी, ठरावीक मुदती यातलं मी काही सांगणार नाही. ते सरकारी संकेतस्थळावर आहे आणि सारखं बदलत असतं. मला त्या शेवटच्या ओळीचंच उत्तर द्यायचंय, कारण ती वाचल्यावर मला रात्री दीडपर्यंत झोप नव्हती.

तरी कागदांचं एक सांगतेच, कारण ते कुठे लिहिलेलं नसतं. आम्ही नाशिकहून २००८ च्या जानेवारीत आलो. भाड्याचं घर ह्यांच्या नावावर, गॅसचं बिल ह्यांच्या नावावर, कौन्सिल टॅक्सही ह्यांच्याच नावावर. मला बँकेत खातं उघडायचं तर पत्त्याचा पुरावा आणा. पुरावा म्हणजे काय, तर माझ्या नावाचं बिल किंवा बँकेचं पत्र. आणि बँकेचं पत्र यायचं तर आधी खातं हवं! नाशिकला माझ्या नावावर स्कूटर होती, एलआयसी होती, भिशीच्या वहीत पहिलं नाव माझं. इथे चार महिने मी कुठल्याच कागदावर नव्हते. पहिला कागद मिळाला तो लायब्ररीचा. मुलाचं कार्ड करायला गेले होते, तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, तुमचंही करू का? कार्ड हातात आलं आणि तिथेच डोळे भरून आले. बाईंना वाटलं, माझं काहीतरी बिनसलंय. तुझ्या घरी हे उलटं होईल. नोकरी तुझी, त्यामुळे सगळ्या कागदांवर तू आणि नवरा कुठेच नाही. घराच्या करारावर पहिल्याच दिवशी दोघांची नावं घाल, एक तरी बिल त्याच्या नावावर कर. पुरुष असं काही बोलून दाखवत नाहीत, नुसते चिडचिडे होतात.

आता शाळा. इथे वर्ग वयावरून ठरतो, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. माझा मुलगा २९ ऑगस्टचा. तीन दिवस उशिरा जन्मला असता तर वर्गात सगळ्यांत मोठा असता, आता तो सगळ्यांत लहान. नाशिकला मोठ्या शिशूत गाणी म्हणत होता तो इथे थेट इयर वनमध्ये, जिथे बाकीची पोरं पूर्ण वाक्यं लिहीत होती. वर्षाच्या मध्येच आलो म्हणून जिथे जागा होती ती शाळा मिळाली, दोन बस बदलून. जवळच्या शाळेच्या प्रतीक्षायादीत नाव घाल आणि दर पंधरा दिवसांनी फोन कर, लाजू नकोस. आम्हाला जूनमध्ये जागा मिळाली.

पण माझ्या मनात सलतंय ते हे नाही. त्या नव्या शाळेत पालकांना भेटायची संध्याकाळ होती. प्रत्येकाला दहा मिनिटं, बसायला मुलांच्या एवढ्याशा खुर्च्या. टीचर तरुण होती, गोड होती, अजिबात वाईट नव्हती. म्हणाली, मुलगा हुशार आहे पण बोलत नाही, तुम्ही घरी इंग्रजी बोललात तर त्याला सोपं जाईल. मी मान डोलावली. नाशिकच्या मराठी शाळेत शिकलेली मी, टीचरचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. घरी येऊन ह्यांना सांगितलं, आजपासून मराठी बंद.

दोन वर्षं बंद होती गं. दोन वर्षं माझ्या मुलाने आईला चुकत, अडखळत बोलताना ऐकलं. मला इंग्रजीत रागावता येईना, त्याहून वाईट म्हणजे लाड करता येईनात. "माझं सोनं गं ते" याला काय म्हणायचं? ताप आला की मी त्याच्या उशाशी गप्प बसून राहायचे, कारण मनात जे यायचं ते सगळं मराठीत यायचं आणि ते बोलायचं नाही असं मीच ठरवलेलं. तो सात वर्षांचा असताना नाशिकहून आईचा फोन आला, त्याने रिसीव्हर माझ्याकडे दिला आणि इंग्रजीत म्हणाला, आजी काय बोलते ते तू सांग. त्या दिवशी मी मराठी परत सुरू केली. तोवर त्याला कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायला लागलं होतं. आता इथले शिक्षकच सांगतात की घरची भाषा सोडू नका. बरं झालं. आम्हाला जरा उशीर झाला. तुला कोणी काहीही सांगो, मुलीशी मराठीतच बोल, इंग्रजी तिला मैदानावर आपोआप येईल.

यातली गंमत अशी की मराठी गेली आणि गुजराती आली. आम्ही बेलग्रेव्ह रोडच्या मागे राहायचो. तिथे सोन्याची दुकानं, साड्या, फरसाण, दिवाळीला रस्ताभर रोषणाई. पहिल्या नवरात्रात तर मला वाटलं, विमान चुकून सुरतला उतरलं. ह्यांची पाळी असायची, मी एका गोदामात पॅकिंगला लागले होते, म्हणून शाळा सुटल्यावर मुलगा शेजारच्या गुजराती आजींकडे, बांकडे जायचा. पैशाचं नाव काढलं की बा रागवायच्या. त्या १९७२ मध्ये कंपालाहून आलेल्या. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना देश सोडायला ९० दिवसांची मुदत दिली होती. तेव्हा इथल्या नगरपालिकेने युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्याकडे घरं नाहीत, शाळांत जागा नाहीत, लेस्टरला येऊ नका. बा हसून सांगायच्या, ती जाहिरात वाचूनच तर आम्हाला कळलं की लेस्टर नावाचं गाव आहे! बरीच वर्षं माझ्या मुलाचा समज होता की इंग्लंडमध्ये लोक बाहेर इंग्रजी आणि घरी गुजराती बोलतात.

आता तुझ्या मुलीचं बालपण. ती काय काय शिकेल ते सांगते. दोन घरांमधल्या बोळाला इथे जिटी म्हणतात, पावाला कॉब. बसवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे लाडाने "मी डक", म्हणजे "माझं बदक" म्हणतील. पहिल्यांदा शाळेसमोर रस्ता ओलांडून देणाऱ्या बाईंनी मला तसं म्हटलं तेव्हा मी घरी येऊन ह्यांना विचारलं, मी बदकासारखी चालते का हो? ऑक्टोबरात पोरं हॉर्स चेस्टनटची तपकिरी फळं दोऱ्यात ओवून एकमेकांच्या फळावर आपटतात, ज्याचं फुटलं तो हरला. माझ्या मुलाने एक फळ म्हणे शिरक्यात बुडवून कडक केलं होतं. आमच्या लोणच्याच्या कपाटात ठेवलं होतं, मी केर म्हणून टाकून दिलं. वीस वर्षं व्हायला आली, अजून बोलून दाखवतो. ब्रॅडगेट पार्कला शाळेची सहल जायची, तिथे हरणं आहेत आणि लेडी जेन ग्रे या इंग्लंडच्या नऊ दिवसांच्या राणीच्या घराचे पडके अवशेष. मी अजून गेलेले नाही. दर वर्षी म्हणते, जाऊ या.

२०१२ मध्ये इथल्या एका कार पार्कखाली तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला. १४८५ च्या लढाईत मारला गेलेला राजा, आणि वर गाड्या लावत होते! २०१३ च्या फेब्रुवारीत तो त्याचाच आहे हे जाहीर झालं त्या दिवशी मुलगा शाळेतून पळत आला आणि म्हणाला, आमच्या कार पार्कमध्ये राजा होता. आमच्या. मी मटार सोलत होते, हात थांबला. मी या शहराला आमचं म्हटलेलं नाही, आजतागायत. २०१५ च्या मार्चमध्ये राजाची शवपेटी शहरातून नेली, लोक पांढरे गुलाब टाकत होते. बा आणि मुलगा बघायला गेले. बांनी हात जोडले म्हणे, रस्त्यात अंत्ययात्रा दिसली की आपण जोडतो तसे.

आणि मग फुटबॉल. २०१६ ला लेस्टर सिटी प्रीमियर लीग जिंकले. मोसमाच्या सुरुवातीला सट्टेवाले त्यांच्यावर एकास पाच हजार द्यायला तयार होते, यावरून काय ते समज. २ मेच्या रात्री मुलगा सोफ्यावर रडत होता. मी टीव्हीत बघितलं तर खेळत होते चेल्सी आणि टॉटनहॅम. आपली टीम नाहीच तर रडतोस कशाला, विचारलं. त्याने माझ्याकडे जे बघितलं ना! टॉटनहॅमची बरोबरी झाली म्हणून आम्ही जिंकलो, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं. १६ मेला व्हिक्टोरिया पार्कवर एवढी गर्दी लोटली की टीव्हीवर गवत दिसत नव्हतं. तो मित्रांबरोबर गेला, मी घरी कपड्यांच्या घड्या घालत होते. आता तो तेवीसचा आहे. मागच्या महिन्यात सहज म्हणाला, तुला आठवतं, आपण पार्कात उभे होतो, तू निळी ओढणी घेतली होतीस? मी हो म्हटलं. मी नव्हते गं तिथे. बा असतील, नाहीतर कोणा मित्राची आई.

एकटेपणाचंही विचारलंस. असतो. डिसेंबरात चारला अंधार पडतो तेव्हा जास्त असतो. घरात दिवे लाव, कणीक मळायला घे.

मराठी बोलणारी माणसं भेटतील, गणपतीत तर नक्कीच. पण शाळेच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या बायकांशी आधी ओळख कर. मी कोपऱ्यात उभी राहून मोबाइल बघायचे. मुलाच्या आठवणींतली अर्धी माणसं मला नावानेही ठाऊक नाहीत, ती त्या फाटकातलीच.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने नाशिकच्या आजीला विचारलं, "आजी, तू जमी लीधुं?" म्हणजे जेवलीस का, गुजरातीत. त्याला ते मराठीच वाटतं. मी दुरुस्त करणार, तेवढ्यात आई ऐंशीव्या वर्षी टेचात म्हणाली, "हा बेटा, जमी लीधुं." मी विचारलं, हे कधी शिकलीस? म्हणाली, त्याला बोलता यायला हवं ना माझ्याशी, खालच्या मजल्यावर शहा राहतात, त्यांच्याकडून शिकतेय.