परत कवा येऊलालास?

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, झाली की पंधरा दिवस माझ्याकडे पुण्या-मुंबईहून फोन वाढतात. मी लातुरात समुपदेशन करते. इकडची माणसं कुठंही असोत, वेळ अमावास्येला गावी येतात, शेतात कडब्याच्या कोपीत पांडव पूजतात, भज्जी-उंडे खाऊन आंबील पितात आणि परततात. परतल्यावर काहींची झोप उडते. प्रश्न थोड्याफार फरकानं एकच असतो : म्हातारी माणसं गावी एकटी आहेत, मी चुकतोय का?

त्यातलाच हा एक अनुभव. ओळख पटू नये म्हणून नाव-तपशील बदललेत.

सुधाकर, वय 44, नोकरी पुण्यात, गाव औसा तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव झोपलेलं असताना भूकंप झाला, त्यात वडील गेले. आई त्याआधीच गेलेली. पोराला चुलत्या-चुलतीनं वाढवलं. ते तात्या आता 81 चे, काकू 76 च्या.

यंदा आंबिलीचा बिंदगा पहिल्यांदाच तात्यांऐवजी सुधाकरनं डोक्यावर घेतला. बांध ओलांडताना निम्मी आंबील अंगावर सांडली. सगळे हसले, तात्याही. मग दुपारी कोपीच्या तोंडाशी तो उभा असताना तात्यांनी त्याला हाक मारली, ती त्याच्या वडलांच्या नावानं. कुणी काही बोललं नाही. काकूंनी ताटात आणखी एक उंडा वाढला.

निघताना तात्यांनी विचारलं, "परत कवा येऊलालास?"

"दिवाळीला."

तात्या अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायला लागले. दहा महिने. "मॅडम, गाडी फाट्यावर आली तरी मला तो अंगठाच दिसत होता," सुधाकर म्हणाला.

पहिल्या वेळी मी चुकले. घरकामाला बाई कशी बघायची, औषधांची डबी, शेजाऱ्याचा नंबर, ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन, असं पानभर सांगून टाकलं. त्यानं शहाण्या विद्यार्थ्यासारखं लिहून घेतलं आणि तीन आठवडे फोन केला नाही. सगळं सांगून झालं होतं, फक्त त्याचं ऐकायचं राहिलं होतं.

पुन्हा बोललो तेव्हा म्हणाला, "सरळ पुण्याला घेऊन येतो दोघांना." दोन वर्षांपूर्वी तसं करून झालं होतं. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, स्वतंत्र खोली. काकू रात्रभर हॉलमध्ये दाराजवळच्या खुर्चीत बसायच्या, पायात चपला. नवव्या दिवशी दोघं गावी परत. सुधाकरच्या बायकोला वाटलं, आपलंच काही चुकलं. आजतागायत ते मनात आहे.

मी विचारलं, "गावी काकू कुठं झोपतात?"

"अंगणात, बाजेवर. पाऊस असला तर ओसरीत, पत्र्याखाली. भूकंपापासून तसंच." मग बराच वेळ फोनवर नुसता पंखा ऐकू येत होता. "हे मला माहीतच होतं की. पण फ्लॅटशी कधी जोडलं नाही."

त्यांना आणायचंय ते त्यांच्यासाठी, की स्वतःची झोप परत यावी म्हणून, असंही मी विचारलं. तो चिडला. थोड्या वेळानं म्हणाला, "दोन्ही." इतकं प्रामाणिक उत्तर मला क्वचित मिळतं.

आपलं माणूस समोर असतानाच थोडं थोडं हातातून जाताना दिसलं, की त्याचं दुःख तेव्हाच सुरू होतं. आपण त्याला अपराधीपणा म्हणतो, पण शोधायला गेलं तर गुन्हा सापडत नाही. तरी मन अपराध कबूल करायला राजी असतं. चूक निदान सुधारता येते. वय होण्यावर काय करणार? म्हणून मी अशा माणसाला "तुमची काही चूक नाही" असं घाईनं सांगत नाही. खरंच करण्याजोगं काय आहे, ते आधी बाजूला काढते.

सुधाकरच्या बाबतीत तसं एक होतं. वडलांच्या नावानं हाक मारली म्हणजे तात्यांना विसरभोळेपणाचा आजार जडला, हे त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं, आणि नेटवर रात्र रात्र वाचत बसायचा. थायरॉइड, बी-12 ची कमतरता, कमी ऐकू येणं, मनाची उदासी, यांनीही म्हातारपणी घोटाळा झाल्यासारखा दिसतो. आधी डॉक्टरांना दाखवा, एवढंच मी सांगितलं. स्मरणशक्ती वयाच्या मानानं ठीक निघाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू मात्र चांगलाच पिकलेला. आणि उजेडाकडं पाठ करून उभा राहिलेला सुधाकर अंगकाठीनं बापासारखा दिसतो, हे काकूंनीही सांगितलं. तेवढं डॉक्टरांच्या कागदावर येत नाही.

एका डोळ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत लातूरला झालं. सण नाही, सुट्टी नाही, सुधाकर चार दिवस येऊन राहिला. आता निघताना तो पुढची तारीख सांगतो. तात्या ती भिंतीवरच्या कालनिर्णयावर काकूंकडून गोल करून घेतात. काकूंना पुण्याला चला म्हणणं बंद झालंय. झोप अजून सगळ्या रात्री लागते असं नाही.

पट्टी काढली त्या दिवशी त्यानं दवाखान्याच्या व्हरांड्यातूनच मला फोन केला. हसत होता की रडत होता, नीट कळेना. तात्यांनी त्याला खालून वर न्याहाळलं, नावानं हाक मारली आणि म्हणाले, "सुध्या, तू लईच जाड झालास की रं!"